साडेदहाला पाणी चढतं

१

सांगा बरं, तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? ‘तीस वर्षं टाकीत हात घालतोय, मला कधी काही झालं नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसावर, की भिंतीवर मुकाट बसून एखाद्या दिवशी खटकन पडणाऱ्या चार बोटांच्या डबीवर?

मी डबीवर ठेवतो. तुम्ही म्हणाल, वुबो, तू डब्या विकतोस, तू दुसरं काय सांगणार. खरं आहे. आपिंगेडाम या डच गावात कालव्याकाठी माझं माशांचं दुकान आहे, चौतीस वर्षं झाली. मासे, टाक्या, पाण्यातली झाडं, हीटर, आणि हीटरबरोबर ती डबी. वीजवाले तिला ईएलसीबी म्हणतात. शाळेत मी पदार्थविज्ञानात दोनदा नापास झालो, तेव्हा वीज मी झटके खाऊनच शिकलो. पण त्या डबीचं काम मला पहिल्याच दिवशी समजलं, कारण ते दुकानदाराचं काम आहे. जेवढी वीज आत गेली तेवढी परत आली का, एवढंच ती बघते. जरा कमी भरली की तिचा खटका पडतो, वीज बंद, दुकान बंद. कुठे गेली, कुणाच्या अंगातून गेली, असल्या चौकशा ती करत बसत नाही.

लोपरसुमच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याच्या हीटरची काच तडकली होती आणि टाकीतलं पाणी महिनाभर जिवंत होतं. मासे मजेत होते. माशांना काय, तारेवरच्या कावळ्यासारखे ते, त्यांचा जमिनीशी संबंध नाही. शेतकरीही मजेत, कारण तो गोठ्यातून थेट येऊन कोरड्या लाकडी बुटांतच टाकीशी उभा राहायचा. “वुबो,” तो मला म्हणाला, “डबी घेऊन काय करू? मला काही होत नाही.” मग एका रविवारी त्याची मेहुणी आली. तिनं दारात बूट काढले, ओल्या मोज्यांनी टाकीपाशी गेली आणि ‘हा केवढा गोड’ म्हणून बोट बुडवलं. ती सोफ्यावर जाऊन पडली. वाचली. त्या घरात मात्र तिनं परत पाय ठेवला नाही. शेतकऱ्यानं सोमवारी डबी नेली आणि तेव्हापासून दर नववर्षाला तो मला कार्ड पाठवतो. डबीबद्दल की मेहुणीबद्दल, ते त्यानं कधी लिहिलं नाही.

आता जे सांगणार आहे ते असं हसण्यावारी नेता येत नाही. मी नेऊन पाहिलं.

२

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. फोन फेना डाइकेमाबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढलेली. मी टाचा उंचावून त्यांच्याकडून तिकिटं घ्यायचो, तेव्हापासून मला अरेतुरे.

“वुबो, तुझी डबी बिघडली.”

“माझ्या डब्या बिघडत नाहीत, बाई.”

“मग माझी कॉफी का बिघडते? त्याच पट्टीवर यंत्र आहे. डबी पडते, यंत्र थांबतं, अर्धा कप हातात. रोज साडेदहाला.”

“रोज?”

“रविवार सोडून. सोमवारी दीड वाजता पडते, पण तेव्हा मी कॉफी घेत नाही, म्हणून त्याची तक्रार नाही. सगळं लिहून ठेवलंय.”

ठेवलंच असणार. आमच्या मत्स्यालय मंडळात प्रत्येकाची टाकीची वही असते. पाण्याची उष्णता, किती पाणी बदललं, कुठला मासा गेला. डाइकेमाबाईंची वही म्हणजे टपालाची नोंदवही, मिनिटासकट.

साडेदहाला मला जाता येणार नव्हतं. ती माझी ठरलेली वेळ. फ्राउके, म्हणजे माझी बायको, कॉफी टाकते, आणि ती गाळून होईपर्यंत मी दुकानातल्या दर्शनी टाकीचे सगळे प्लग काढतो, बाही वर करतो आणि कोपराच्या वरपर्यंत हात घालून कुजकी पानं वेचतो. सोमवारी सकाळी गावातली दुकानं बंद, तेव्हा ते दुपारी उघडल्यावर. एकवीस वर्षांत खंड नाही. गेले दोन आठवडे त्या वेळी कोपरात एक कळ यायची, पण साठी ओलांडल्यावर कळ कुठे येत नाही? मी मलम लावत होतो.

म्हणून गेलो दुपारी तीनला. टाकी ऐंशी सेंटिमीटरची, काठाच्या बोटभर खाली भरलेली, मागच्या बाजूला लाल पानांच्या झुडपांची रांग, जिच्यासाठी बाई जीव टाकतात. मी सगळ्या वायरी पाहिल्या. प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग प्लगकडे वर चढत होती, म्हणजे ओघळ आलाच तर तो झोक्याच्या तळाशी गळून पडावा, प्लगात शिरू नये. मीच शिकवलेलं. डबीचं बटण दाबलं, खटकन पडली. चोख.

“भूकंप असेल,” बाई म्हणाल्या.

आमच्याकडे जमिनीखालून गॅस काढतात, त्यामुळे जमीन अधूनमधून अंग झाडते आणि भिंतींना भेगा पडतात. तेव्हापासून दूध नासलं तरी भूकंप आणि जावई नासला तरी भूकंप.

“भूकंपाला कॉफीची वेळ कशी कळेल, बाई?”

“कळत नसेल तर एकदाही चुकत कसा नाही? मी नुकसानभरपाईचा अर्ज टाकलाय. रोजचा अर्धा कप, दहा दिवसांचा.”

३

दुसऱ्या दिवशी मी मेनोला पाठवलं. मेनो वीजतंत्री, माझा शाळासोबती, निवडणुकीचा निकाल असो की सासऱ्याचं मरण, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. तो साडेदहाला तिथे बसला आणि अकराला दुकानात आला. टोपी काढली नाही.

“हीटर गेलाय,” तो म्हणाला. “काचेला केसाएवढी चीर आहे. पाण्यात वीज उतरते.”

“म्हणून डबी पडते. झालं तर मग.”

“नाही झालं. टाकी काचेची, खाली लाकडी कपाट. वीज पाण्यात उतरली तरी तिला जायला वाट नाही. ती आपली बसून राहणार. डबी पडायला जमिनीवर उभं असलेलं कुणीतरी पाण्याला लागायला हवं.”

“बाईंनी हात घातला असेल.”

“बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. आपल्या रिवाजाप्रमाणे एक बिस्किट दिलं आणि लगेच डब्याचं झाकण लावत होत्या.” मेनोनं खिशातून पेन्सिल काढून गल्ल्यावर ठेवली. “आणि पाणी चढलं, वुबो.”

“चढलं म्हणजे?”

“वर आलं. त्याच क्षणी डबी पडली, दिवा गेला. मग पाणी उतरलं. मी काचेवर पेन्सिलीनं खूण केली. सहा मिलिमीटर.”

“टाकीत काय दिसलं?”

“मी डबीकडे बघत होतो.”

“पण पाणी चढलेलं दिसलं ना तुला?”

“मी डबीकडे बघत होतो,” मेनो परत म्हणाला. फ्राउकेनं कॉफी पुढे केली, ती त्यानं डाव्या हातानं घेतली. उजवा खिशात होता.

तो गेल्यावर फ्राउके म्हणाली, “याला बिस्किट एकच मिळालं, त्याचा हा परिणाम.”

४

मी व्यापारी माणूस आहे. समोर आकडा आला की त्याला तसाच सोडवत नाही. टाकी ऐंशी बाय पस्तीस, पाणी चढलं सहा मिलिमीटर. म्हणजे एक लिटर सहाशे ऐंशी. एवढ्या आकाराचं काहीतरी रोज पाण्यात शिरतं आणि बाहेर जातं. दगड असता तर आतच राहिला असता. मांजर असतं तर मासे कमी झाले असते.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मी मोठी बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली आणि मेनोला बोलावलं. सांडलेलं पाणी मोजायला फ्राउकेचं स्वयंपाकाचं माप.

“कोपराच्या वर चार बोटं,” मी म्हणालो. “टाकीत हात घालतात तसा.”

मेनोचा हात भरला एक लिटर नऊशे. फ्राउकेचा एक लिटर दोनशे.

“बघा, मी किती नाजूक आहे,” फ्राउके म्हणाली. “लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा पुरावा मिळाला.”

मग मी बाही वर केली. फ्राउकेनं माप दिव्यापाशी धरलं. वाचलं, परत वाचलं.

“सोळाशे ऐंशी,” ती म्हणाली. “आता पोटही बुडवतोस का? बादली मोठी आणावी लागेल.”

मी हसलो. मेनो हसला नाही. मी स्वतःला सांगितलं की प्रांतात माझ्या मापाचे दहा हजार हात असतील. सांगितलं, आणि रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो.

सकाळी माशांची गाडी उशिरा आली. पिशव्या उतरवून घेता घेता माझी साडेदहाची वेळ टळली. सव्वाअकराला मी दर्शनी टाकीचे प्लग काढले, हात घातला, दोनतीन पानं वेचली, कोपरात कळ आली, हात पुसला. तोवर फोन वाजला.

“वुबो, आज सुधारणा आहे,” डाइकेमाबाई म्हणाल्या. “साडेदहाला पडली नाही. पूर्ण कप प्यायले. आत्ता पडली, सव्वाअकराला. अशीच राहू दे.”

मी फोन ठेवला आणि पानं टाकायच्या वाडग्यात पाहिलं. तीन पानं होती. तिन्ही लाल.

माझ्या दर्शनी टाकीत लाल पानांचं झाड नाही. कधीच नव्हतं. लाल झाडाला दिवा जास्त लागतो आणि वीज महाग आहे.

५

त्याच दुपारी मी नवा हीटर घेऊन गेलो, फुकट. जुना काढून बाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, “कचऱ्यात टाका.” डबी पडायची थांबली. आणि मी माझ्या टाकीत हात घालायचा थांबलो.

फ्राउकेला काय सांगणार? मी दुकानाच्या टाकीच्या वहीत लिहिलं, ‘कोपर दुखतं, सफाई बंद.’ तिलाही तेच सांगितलं. चौतीस वर्षांत वहीत लिहिलेली ती माझी पहिली थाप.

दहा दिवस गेले. माझ्या टाकीवर शेवाळाचा बुरखा चढला. फ्राउके येताजाता म्हणायची, “आमचे येथे गढूळ पाणी मिळेल.” अकराव्या दिवशी डाइकेमाबाई दुकानात आल्या, छत्री झटकली आणि फ्राउके माडीवर आहे असं बघून गल्ल्यावर वाकल्या.

“तू यायचा का बंद झालास?”

“मी आलो होतो ना बाई, हीटर बदलायला.”

“दारातून नाही रे पोरा. हातानं.”

दुकानात चाळीस पंप बुडबुडत असतात, मला ते कधी ऐकू येत नाहीत. तेव्हा आले.

“ऑगस्टपासून येतोयस,” बाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशी मी कप सांडला. मागच्या कोपऱ्यातून पाण्यात एक हात. वर काही नाही, खाली हात. पण पानं वेचायला लागला तशी ओळखलं. अंगठ्यावर तुझा तो मांजरानं ओरबाडलेला वण. काम नीट करतोस. नखं मात्र वेळेवर काप.”

“तुम्ही मला बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर बिल आलं असतं.”

“आणि डबीची तक्रार केलीत ती?”

“ती कॉफीची होती. हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्हीही टपाल घरपोच द्यायचो.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “हे बघ, शनिवारी मंडळाच्या स्पर्धेचे परीक्षक येताहेत. नऊ वर्षं मी दुसरी येतेय, पहिला तो डेल्फझाइलचा टकल्या. माझी बोटं आता वळत नाहीत, झुडपं पिवळी पडलीत. शनिवारी सकाळी एकदाच ये. इथूनच ये, मला चालेल.”

“बाई, मी तुमच्या टाकीत हात घालणार नाही. इथूनही नाही आणि तिथूनही नाही. आणि तुम्ही वायरीला हात लावू नका.”

“एवढं काय झालंय तुला?”

काय झालं होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. दोन आठवडे रोज माझ्या टाकीचे प्लग काढून, खात्री करून, मी एका जिवंत पाण्यात हात घालत होतो. ते पाणी चारशे मीटरवर होतं. कोपराची कळ म्हणजे बाईंची डबी पडायच्या आधीचा डोळ्याच्या पापणीएवढा वेळ. डबी नसती तर मला कोपराचं मलम लागलंच नसतं.

६

शनिवारी परीक्षक तेर वेल्डेसाहेब आसेनहून आले. मंडळाचा चिटणीस मी, म्हणून त्यांना घरोघर न्यायचं काम माझं. उंच, वाकलेला माणूस, गळ्यात भिंग. लोकांच्या बैठकीत शिरून त्यांच्या टाकीला गुण द्यायचे, कॉफी घ्यायची, मत व्यक्त करायचं नाही. सकाळी दहा पंचवीसला आम्ही डाइकेमाबाईंकडे पोचलो.

साहेबांनी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि मान खाली घालून लिहायला लागले. मी सवयीनं टाकीची मागची बाजू पाहिली. नवा हीटर नव्हता. लाकडाच्या बुंध्यामागे, शेवाळानं तपकिरी झालेला, जुना होता. त्याची वायर माझ्या डबीकडे जात नव्हती. ती पडद्याखालून खिडकीकडे गेली होती.

मी बाईंना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. “हे काय केलंत?”

“हळू बोल. नवा काळाकुट्ट आहे, समोरून दिसतो. सामान दिसलं की गुण कापतात. म्हणून जुना.”

“आणि वायर?”

“जुन्यानं तुझी डबी पडते. साहेबांसमोर दिवा गेला तर? म्हणून खिडकीपाशी लावला. तिथे डबी नाही.”

खिडकीपाशी जुन्या काळचं दोन भोकांचं सॉकेट होतं, ज्याला ना डबी ना जमिनीची तार. बाईंचं सगळं तर्कशास्त्र पोस्टाच्या शिक्क्यासारखं स्वच्छ होतं, चूक काढायला जागा नाही, फक्त शेवटी माणूस मरतो.

“बाई, ते पाणी जिवंत आहे.”

“असू दे की. हात कोण घालणार आहे? मी नाही, साहेब नाही, तू तर बंदच केलंस.”

हे बरोबर होतं. मी श्वास सोडला. साहेब उठले की गुपचूप प्लग काढायचा, एवढंच उरलं होतं. बाईंनी साहेबांना एक बिस्किट दिलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले. मी दुकानात नव्हतो, म्हणजे आज काही होणार नव्हतं.

मग पाणी चढलं.

मी टाकीच्या कडेला होतो. मेनोची पेन्सिलीची खूण माझ्या डोळ्यासमोर होती. पाणी वर आलं आणि खुणेच्या खालीच थांबलं. सहा नाही. चार, फार तर चाराच्या जरा वर. ते माप मी बादलीत पाहिलं होतं, आणि त्यावर ‘मी किती नाजूक आहे’ हा विनोद ऐकला होता.

मागच्या कोपऱ्यात, लाल पानांच्या आड, बोटं होती. पाचही बोटं ताठ, एकमेकांपासून फाकलेली, पान धरायला आलेली आणि धरता न आलेली. अनामिकेवर पातळ अंगठी, जी मी छत्तीस वर्षांपूर्वी हप्त्यानं घेतली होती. निऑन मासे त्या बोटांमधून आरामात ये-जा करत होते.

मी खिडकीवर झेप घेतली. पडदा, पडद्याची दांडी, कुंडी आणि मी, सगळे एकदम खाली आलो, पण प्लग माझ्या मुठीत होता. मान वळवून पाहिलं तेव्हा बोटं सैल पडत होती. क्षणभर ती अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तशी हलली. मग पाणी उतरलं. 

तेर वेल्डेसाहेबांनी मान वर केली. दांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, बराच वेळ. मग विचारलं, “पाण्याची उष्णता किती ठेवता, बाई?”

“पंचवीस,” डाइकेमाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला बिस्किटांचा डबा उघडाच होता.

मी दुकानात फोन लावला. आठ वेळा वाजला, कुणी उचलला नाही. मी पळालो. एकसष्टाव्या वर्षी चारशे मीटर. गुडघ्यांनी काय म्हटलं ते मी ऐकलं नाही.

फ्राउके दर्शनी टाकीसमोर ओल्या फरशीवर बसली होती, पाय पसरून, बाही खांद्यापर्यंत वर. ओठ पांढरे. सगळे प्लग तिच्याजवळ फरशीवर ओळीनं मांडलेले.

“प्लग काढले होते,” ती म्हणाली. “दोनदा बघितलं, वुबो. तू शिकवलंस तसं. तुझं कोपर दुखतं म्हणून म्हटलं आज मी करते.”

“मला माहीत आहे.”

“तरी धरलं मला. सोडेचना.” ती माझ्या हातातल्या गोष्टीकडे बघत होती. डाइकेमाबाईंच्या पडद्याची एक कडी मी तशीच मुठीत आणली होती. “पाण्यातून काहीतरी दिसत होतं. एक खोली. उंच माणूस काहीतरी लिहीत होता. आणि पडदे खाली येत होते.”

“गप्प बस. मेनोला गाडी आणायला सांगतो.”

“चांगलं झालं खाली आले ते,” ती म्हणाली. “धुवायलाच झाले होते.”

७

इस्पितळात तिला एक दिवस ठेवून घेतलं, हृदयाला तारा लावून. झटका लागून माणूस उठून बसला तरी दाखवून यायचं असतं, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. तिला मात्र उचलून न्यावं लागलं, कारण ‘शनिवारची गर्दी आहे’ असं तिचं म्हणणं. हृदय ठीक निघालं. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, लाल पानांसकट. ती म्हणाली, “कोपर दुखतं म्हणे.” एवढंच. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जुना हीटर मेनोनं हातोडीनं फोडला आणि खिडकीचं सॉकेट बुजवून टाकलं. डाइकेमाबाई परत दुसऱ्या आल्या. टाकीच्या मांडणीला दहापैकी साडेनऊ, आणि ‘परीक्षणसमयी पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल’ म्हणून अर्धा गुण कमी. शेरा एवढाच. तेर वेल्डेसाहेबांनी नंतर परीक्षणाचं काम सोडलं.

आता रोज सकाळी मी बाईंना फोन करतो. त्या त्यांचे प्लग काढतात, मी माझे काढतो, दोघं एकमेकांना मोठ्यानं सांगतो, मग मी बाही वर करतो. मासे दोन्हीकडे ठीक आहेत. बिल मी पाठवत नाही, आणि त्याही विषय काढत नाहीत.

मी इथेच थांबलो असतो. पण परवा मंगळवारी, दुपारी चार दहाला, माझ्याच दर्शनी टाकीची डबी पडली. फ्राउके गल्ल्यावर होती, मी तिच्याशेजारी. टाकीजवळ कुणी नव्हतं. मी हीटर काढून पाहिला, काचेला केसाएवढी चीर. टाकीच्या काचेवर पाणी किती चढलं होतं ते शेवाळाच्या रेषेवरच्या ओल्या पट्टीवरून मोजता आलं. माझी टाकी मोठी आहे, तरी हिशेब करून आकडा आला तीन लिटरांच्या वर. मी मेनोला बोलावलं. मंडळातल्या सगळ्यांचे हात बादलीत घालून झाले. तेवढा हात आमच्यात कुणाचा नाही. दोन लिटरांच्या वर कुणी गेलंच नाही.

“भूकंप लिहून टाक,” फ्राउके म्हणाली. तिचा आवाज मात्र चेष्टेचा नव्हता.

मी वही उघडली आणि लिहिलं: मंगळवार, चार दहा. डबी पडली. हीटर तडकला होता, बदलला. पाणी चढलं, तीन लिटरांच्या वर. कुणाचा हात, माहीत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरी टाकी असेल, डबी असेल आणि ती एखाद्या दिवशी विनाकारण पडली, तर शिव्या देऊन वर करू नका आणि वायर दुसऱ्या खोलीत नेऊ नका. त्या क्षणी पाण्यात कुणाचा तरी हात होता, एवढं धरून चला. त्यानं त्याच्या बाजूनं सगळे प्लग काढलेले असतील. वेळ लिहा, पाणी किती चढलं ते लिहा, आणि कारण सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असंच लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा.